आपल्या पार्किंगचे खांब

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ आठवते ना? साडेसातच्या सुमारास पंखे डोलले, भांडी वाजली आणि आपण सगळे जिने उतरून पार्किंगमध्ये जमलो. भूकंपाचं केंद्र तेलंगणातल्या मुलुगूला होतं, तीव्रता ५.३. गोदावरीच्या खोऱ्याला हे नवं नाही. १९६९ च्या एप्रिलमध्ये भद्राचलमला ५.७ चा धक्का बसला होता.

त्या गडबडीत कुणीतरी म्हणालं, "घाबरू नका, आपली बिल्डिंग स्लॅबची आहे." संस्थेच्या पहिल्या कमिटीत असताना मीही हेच बोलायचो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. तेव्हापासून आपल्या मनात बसलं, की सिमेंट-लोखंड म्हणजे सुरक्षित.

२००० साली आपण इथे राहायला आलो आणि २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत स्लॅबच्या कितीतरी इमारती बसल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींत वर विटांच्या भिंतींचे मजले होते आणि खाली नुसते खांब न्‌ पार्किंग. अगदी आपल्यासारखंच.

अशा इमारतीत वरचे मजले भिंतींमुळे ताठ असतात, एका पेटीसारखे हलतात. सगळी ओढाताण खालच्या खांबांवर येते. खांबातल्या रिंगा लांब-लांब असल्या, त्यांची टोकं नुसती काटकोनात वळवलेली असली, तर त्या उघडतात, उभ्या सळया वाकतात आणि काँक्रीट निसटतं. रिंगा जवळजवळ आणि टोकं आत रोवलेली असली, तर खांबाला तडे जातात, पण तो सहसा उभा राहतो. माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. भारतीय मानक १३९२० मध्ये हे १९९३ पासून लिहिलेलं आहे. मोकळ्या तळमजल्याचे खांब अडीचपट जोरासाठी करा, असं मानक १८९३ मध्ये २००२ साली आलं. आपली इमारत त्याआधीची.

बांधकामावर मी रोज जायचो. टाइल्सचा रंग दोनदा बदलून घेतला, पण रिंगा किती अंतरावर आहेत, हे एकदाही विचारलं नाही.

रौप्यमहोत्सवाच्या रंगकामाला मंजुरी मिळाली आहे. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. खांब कमजोर निघाले, तर बाहेरून सळया आणि काँक्रीटचं जॅकेट घालून ते मजबूत करता येतात.

आणि पुन्हा जमीन हलली, तर पार्किंगमध्ये जमू नका. तिथून बाहेर, मोकळ्या मैदानात जा.