रुळांचा सांधा

मनमाडास रुंद मार्गावरील माल उतरवून अरुंद मार्गाच्या डब्यांत भरण्याचा खटाटोप आम्ही बालपणी पाहिला आहे. १८७० च्या सुमारास मीटरमापी मार्ग पत्करताना सरकारने काटकसर पाहिली. सांध्याची किंमत हमालांनी मोजली!

याउलट १९७३ साली कॅलिफोर्नियातील काही हौशी मंडळींनी ९ मिलिमीटर मापाच्या छोट्या रेल्वेसाठी आधी सांधाच ठरविला. या ‘एनट्रॅक’ पद्धतीत ज्याने त्याने ४ फुटी चौकट घरी बांधावी, तीवर डोंगर उभारावा की गाव, ही त्याची मर्जी. मात्र टोकांशी तिन्ही मार्ग नेमल्या जागी यावेत, तारा नेमल्या क्रमाने जोडाव्यात. एकाने तारा उलट जोडल्या, की सांध्याशी धन-ऋण भिडून त्या मार्गावरील सर्वांच्याच गाड्या थबकतात. मग डोंगराचे कौतुक राहते बाजूला, आणि मंडळी चौकटींखाली उताणी पडून तारा चाचपू लागतात.