बुटक्या ज्वारीतलं उंच ताट : भेसळ की जनुकाचा स्वभाव?



नांदेड-लातूरकडं खरिपात आता जिकडंतिकडं सोयाबीन. पण पन्नाशी ओलांडलेल्यांना हायब्रीड ज्वारीचा काळ आठवत असेल. बुटक्या ज्वारीचं रान कसं, सगळं एका उंचीचं. त्यात मधेच एखादं ताट हातभर वर दिसलं की बघणारा म्हणणार, "बियाण्यात भेसळ हाय." कधी ती असतेही. पण दरवेळी नाही.

आपली जुनी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाणारी. दाणा घराला, कडबा दावणीला. अमेरिकेत काढणी मशिनवर गेली, तिथं उंच ताट अडचणीचं झालं. म्हणून तिथल्या लोकांनी बुटकी झाडं निवडून वाण केले. 1954 साली क्विन्बी आणि कार्पर यांनी मांडलं की ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुकं ठरवतात. त्याच वर्षी स्टीफन्स आणि हॉलंड यांनी नर-वंध्य ज्वारीवरून संकरित बियाणं कसं करायचं ते दाखवलं.

दहा वर्षांत हे आपल्याकडं पोचलं. 1964 साली सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याची मादी सीके-60, ही अमेरिकेतली बुटकी ज्वारी. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी हायब्रीडचा जोरात प्रचार केला. दाणा वाढला. पण कडबा कमी भरायचा, आणि काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडायचा.

आता बुटकेपणाचं कारण बघा. गहू-भातात तो बहुतेक जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचं काम अडवून आणलाय. ज्वारीच्या डीडब्ल्यू-3 या जनुकाची वाट वेगळी. ती 2003 साली गुरमुख जोहल आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या बुटक्या झाडावरून शोधली. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली बुडख्याकडं उतरतं, तेव्हा कांड्या लांबतात. ते पेशीतून पुढं ढकलणारं एक प्रथिन असतं, समजा पाटाचं दारं. डीडब्ल्यू-3 मध्ये ते दारंच बिघडलेलं. शेंड्यात ऑक्झिन असूनही खाली नीट पोचत नाही, कांड्या आखूड राहतात. खताची कमतरता नाही की पाण्याची.

खरी गंमत पुढं आहे. हे जनुक बिघडलं कशानं? त्याचा 882 अक्षरांचा एक तुकडा आत दोनदा लागून आलाय. एकसारखे दोन तुकडे शेजारी असले की परागकण किंवा बीजांड तयार होताना जोडी चुकीची जुळू शकते, आणि जादा तुकडा गळून पडतो. जनुक पुन्हा चांगलं होतं, दारं उघडतं, ताट उंच होतं! बुटकं राहायला आई-बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. उंच व्हायला एकच चांगलं पुरतं. म्हणून शुद्ध बियाण्यातही अधूनमधून उंच ताट निघतं.

मग ओळखायचं कसं? उंच ताटाचं कणीस, दाण्याचा रंग, फुलोऱ्याची वेळ शेजारच्यासारखीच असेल आणि फक्त कांड्या लांब असतील, तर हा जनुकाचा स्वभाव असण्याची शक्यता जास्त. कणीसच वेगळं, दाणा वेगळा, किंवा अशी ताटं रानभर दिसली, तर मात्र भेसळ किंवा परक्या परागाचा संशय घ्या. पंचनामा करा, पिशवी आणि पावती जपून ठेवा.

खाण्याच्या ज्वारीत एखाद्या उंच ताटानं काही बिघडत नाही. बीजोत्पादन घेणाऱ्यांनी मात्र ते फुलोऱ्याआधीच उपटावं, नाहीतर त्याचा पराग सगळीकडं जातो.

रब्बीत मालदांडी अजून टिकून आहे, त्यात भाकरीच्या चवीइतकाच कडब्याचाही वाटा आहे. उंची कमी करणं मशिनच्या सोयीचं होतं. आपल्याकडं दावणही हिशोबात धरावी लागते.