तेलसंपन्न देशाच्या परकीय व्यापाराची लवचिकता : नायजेरियाचे उदाहरण

वस्तूच्या किमतीत एक टक्का बदल झाला असता तिची आयात किंवा निर्यात किती टक्क्यांनी बदलते, हे दर्शविणाऱ्या संख्येस किंमत-लवचिकता म्हणतात. भाव १० टक्के वाढल्याने आयात ४ टक्के घटली, तर ही संख्या उणे ०.४ येते. उत्पन्नातील बदलाच्या संदर्भात मोजली, तर ती उत्पन्न-लवचिकता होय. मार्शल-लर्नर नियमानुसार, आरंभी व्यापार समतोल असताना अवमूल्यनाने व्यापारतोल सुधारण्यासाठी आयात व निर्यात यांच्या किंमत-लवचिकतांची बेरीज, चिन्हे वगळून, एकाहून अधिक असावी लागते.

तेलावर विसंबलेल्या देशात मात्र सर्व वस्तूंची मिळून काढलेली एकच संख्या फसवी ठरते. नायजेरियात १९५६ साली ओलोइबिरी येथे व्यापारयोग्य तेलसाठा सापडला. तोवर कोको, भुईमूग व पामतेल ही तेथील प्रमुख निर्यात होती. पुढे ती जागा कच्च्या तेलाने घेतली. त्याचा भाव जागतिक बाजारात डॉलरमध्ये ठरतो, तर उत्पादनावर ‘ओपेक’चा कोटा, विहिरींची क्षमता व तेलचोरी यांची मर्यादा असते. म्हणून नायरा स्वस्त झाला तरी तेलाची निर्यात लगेच वाढत नाही. कोकोच्या नव्या झाडाला फळ धरण्यास काही वर्षे लागतात. तेथे अल्पकालीन लवचिकता कमी, दीर्घकालीन अधिक असते.

आयातीतही असाच भेद आढळतो. गहू बहुतांशी परदेशातून येतो आणि पाव हे शहरी लोकांचे रोजचे अन्न असल्याने महागाईतही त्याची मागणी फारशी घटत नाही. यंत्रसामग्रीची आयात मात्र तेलाच्या उत्पन्नाबरोबर वर-खाली होते.

लवचिकता काढताना प्रत्येक क्षेत्रासाठी आयातीचे परिमाण, सापेक्ष किंमत व उत्पन्न यांची लघुगणके घेऊन समीकरण मांडतात. त्यातील गुणक हीच लवचिकता. येथे तीन अडचणी येतात. अनुदानामुळे पेट्रोलचा भाव दीर्घकाळ गोठलेला असेल, तर किमतीचा परिणाम मोजता येत नाही. २०१५ मध्ये ४१ वस्तूंच्या आयातीसाठी अधिकृत बाजारातून परकीय चलन देणे बंद झाले. त्यानंतरची घट किमतीमुळे की बंदीमुळे, हे वेगळे करावे लागते. शिवाय बेनिनमार्गे चोरटा येणारा तांदूळ सरकारी आकड्यांत दिसत नाही.

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. जून २०२३ मध्ये नायरावरील नियंत्रण सैल झाले. डॉलरचा अधिकृत दर सुमारे ४७० नायरांवरून २०२४च्या आरंभी १,५०० च्या आसपास पोहोचला, आणि २०२४च्या मध्यास अन्नपदार्थांच्या महागाईचा वार्षिक दर ४० टक्क्यांवर गेला. पेट्रोलचे अनुदान काढल्याचा भारही त्यात होताच. अवमूल्यनाचा लाभ कोणत्या क्षेत्राला होणार आणि झळ कोणाच्या ताटाला बसणार, हे आधी ओळखायचे असेल, तर लवचिकता क्षेत्रनिहायच मोजली पाहिजे.