निगेटिव्हमधलं गाव

आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळालं, ते गाव आज शोधायला गेलं तर पाणी लागतं. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि मूळ आंबेगाव त्याच्या जलाशयात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, मोठा बाजार मंचरला भरतो, आणि मंचरजवळच्या अवसरी खुर्दला २००९पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एकाच तालुक्याच्या एका टोकाला बुडालेली गावं आहेत आणि दुसऱ्या टोकाला संगणकावर काम करणारी तरुण पिढी. या दोन टोकांना जोडणारी एक वस्तू अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत पडून असते, ती म्हणजे फोटोची निगेटिव्ह.

बुडालेल्या गावाचा सातबारा असतो, मोजणीचा नकाशा असतो, पुनर्वसनाची फाइल असते. पण वाड्याच्या दारावर काय कोरलेलं होतं, देवळापुढच्या दीपमाळेला किती थर होते, जत्रेत कोण कोण उभं होतं, हे कुठल्याही फाइलमध्ये नसतं. ते असलंच तर लग्नाच्या, शाळेच्या, यात्रेच्या फोटोंत, मुख्य माणसांच्या मागे, कोपऱ्यात असतं. म्हणूनच निगेटिव्हची स्कॅन प्रत किती स्पष्ट निघते हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. तो पुराव्याचा प्रश्न आहे.

प्रतीवरून इतिहास वाचण्याची सवय या भागाला जुनी आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटाचा सातवाहनकालीन शिलालेख विद्वानांनी वाचला, तो बराचसा ठशांवरून आणि नकलांवरून. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींसारख्या संशोधकाने जागेवर जाऊन काळजीपूर्वक नक्कल घेतली, म्हणून झिजलेल्या अक्षरांचा अर्थ लागू शकला. नक्कल ढिसाळ असती तर तिच्यावर बेतलेलं वाचनही ढिसाळ झालं असतं. निगेटिव्हच्या स्कॅनला हाच नियम लागू होतो.

छायाचित्रण आपल्याकडे लवकर आलं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा चित्र काचेवर किंवा कागदावर उतरत असे. पुढे १८८०च्या दशकाच्या अखेरीस ईस्टमन कंपनीने लवचीक रोल बाजारात आणला आणि कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती आला. पण या सोयीची एक किंमत होती. काच सपाट राहते, फिल्म मात्र वळते. त्यामुळे आज एक गमतीची गोष्ट घडते: शंभर वर्षांपूर्वीची काचेची निगेटिव्ह स्कॅनरवर निमूट बसते आणि चाळीस वर्षांपूर्वीचा रोल कमानीसारखा उठून राहतो.

स्कॅनरचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्रातून संगणकात घातला. त्या चित्रात १७६ गुणिले १७६ एवढेच ठिपके होते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चकतीची कल्पना निघाली आणि १९७०च्या दशकात ती वापरून सपाट काचेचा, म्हणजे फ्लॅटबेड स्कॅनर तयार झाला. त्याचा हेतू छापील कागद वाचण्याचा होता. फिल्मचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं, आणि बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे.

कागद काचेला चिकटून असतो, म्हणून अशा यंत्राचा फोकस साधारणपणे काचेच्या पृष्ठभागावर धरलेला असतो. फिल्म मात्र चौकटीत बसवून काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात. तिथे फोकसमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा चेहऱ्यावरची रेघ पुसून टाकतो. काही यंत्रांत फिल्मसाठी वेगळं भिंग असतं, काही चौकटींना उंची बदलायची सोय असते. जिथे ती नाही तिथे साधा उपाय चालतो. लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. चौकटीच्या चारही कोपऱ्यांखाली एकेक कपटा वाढवत त्याच निगेटिव्हचे स्कॅन घ्यायचे आणि ज्या उंचीला फिल्मचा रवा सर्वांत ठसठशीत दिसतो ती उंची पक्की करायची. डोळ्यांच्या पापण्या बघू नयेत, रवा बघावा. मूळ फोटोच हललेला असेल तर पापण्या फसवतात, रवा फसवत नाही.

दुसरी अडचण वळणाची. रोल वळलेला असेल तर मधला भाग फोकसमध्ये आणि कडा धूसर, किंवा उलट. कोरड्या, स्वच्छ कागदात ठेवून जाड पुस्तकाखाली काही दिवस दाबल्यावर बरीच फिल्म सरळ होते. थेट काचेवर दाबली तर काच आणि फिल्म यांच्यातल्या हवेच्या पातळ थरामुळे इंद्रधनुषी वलयं उमटतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. ती टाळायला खरबरीत केलेली खास काच मिळते. फिल्मची चकचकीत बाजू सोडून इमल्शनची मंद बाजू काचेकडे ठेवली तरी वलयं कमी होतात. मग चित्र उलटं येतं, ते संगणकावर फिरवून घ्यावं लागतं. दुकानाची पाटी सरळ वाचता आली की बाजू बरोबर.

तिसरी गोष्ट जाहिरातीतल्या आकड्यांची. खोक्यावर इंचाला ६४०० ठिपके असं लिहिलेलं असतं. ठिपके तितके निघतात, तपशील तितका निघत नाही. खरा तपशील मोजण्यासाठी अमेरिकी हवाई दलाच्या १९५१च्या रेषांच्या तक्त्याचा वापर होतो. अशा चाचण्यांत चांगल्या घरगुती फ्लॅटबेडची मजल साधारण २३००च्या आसपास जाते. त्या हिशेबाने ३५ मिलिमीटरच्या एका चौकटीतून सुमारे ७० लाख ठिपके कामाचे मिळतात, तर १२० रोलवरच्या सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हमधून अडीच कोटी. एकेकाळी घरोघरी दिसणारा आगफाचा क्लिक थ्री याच १२० रोलवर चाले. भिंग साधंच, पण निगेटिव्ह मोठी. स्टुडिओतल्या चांगल्या भिंगाच्या कॅमेऱ्यातून निघालेला असा रोल हाती आला, तर फ्लॅटबेडसुद्धा मागच्या रांगेतली माणसं ओळखू देतो.

धूळ आणि बुरशी ही चौथी अडचण. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस निगेटिव्हला मानवत नाही, कारण इमल्शनमधलं जिलेटिन हे बुरशीचं अन्न आहे. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. हवेचा फुगा आणि मऊ कुंचला पुरतो. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई रंगीत फिल्मला उपयोगी आहे. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्र चांदीच्या कणांचंच असतं, आणि यंत्राला ती चांदीच धूळ वाटते. तिथे ही सोय बंदच ठेवावी.

शेवटी येतो धार लावण्याचा प्रश्न. संगणकातल्या ज्या हत्याराला अनशार्प मास्क म्हणतात, ते डार्करूममधून आलेलं आहे. निगेटिव्हवर तिचीच एक धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून छाप काढला की कडा उठून दिसत. त्याने कडा ठळक होतात, नवा तपशील येत नाही. आजची काही साधनं याच्या पुढे जातात. जिथे चेहरा नाही तिथे ती चेहरा रचतात. घरच्या भिंतीवर लावायला ते ठीक असेल. पण बुडालेल्या गावातल्या आजीला यंत्राने दुसऱ्याच कुणाचे डोळे दिले, तर पुढच्या पिढीला ते कळणारही नाही. म्हणून पहिला, हात न लावलेला स्कॅन सोळा बिटच्या टिफमध्ये वेगळा ठेवावा आणि सजावट त्याच्या प्रतीवर करावी. फाइलच्या नावात गाव, साल आणि ओळखलेली माणसं लिहावीत. ती ओळखणारे लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि फिल्म टिकली तरी त्यांची आठवण कायम थांबणार नाही.

स्कॅन झाला म्हणून मूळ निगेटिव्ह टाकू नये. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कितीतरी जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. जे गेलं त्यातलं बरंच पुन्हा मिळालं नाही, कारण दुसरी प्रत नव्हती. गावागावांतले स्टुडिओ बंद होताना एवढी मोठी आग लागत नाही. निगेटिव्हचे गठ्ठे चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याकडे वजनावर जातात आणि त्याची बातमीही होत नाही.

धरणात पाणी उतरलं की कधीकधी जुन्या बांधकामाचे अवशेष वर दिसतात आणि लोक बघायला जातात. पण त्या भिंती नुसत्या भिंती असतात. त्यांच्यापुढे उभी असलेली माणसं दुसऱ्या टोकाला, कुणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीत, उलट्या काळ्या-पांढऱ्या रंगात अजून उभी आहेत. त्यांना बाहेर काढायला एक स्कॅनर, कागदाचे चार कपटे आणि शेजारी बसून नावं सांगणारं एक म्हातारं माणूस एवढं पुरतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षीही मिळतील.