बाहेरच्या भिंतीला नुसता रंग की नवा गिलावा?

दिवाळीच्या आधी घर रंगवायचे ठरते. पण सुटलेल्या गिलाव्यावर रंग टिकत नाही, पैसे वाया जातात. म्हणून आधी भिंत ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा काढून नवा करावा. आवाज भरीव आणि भेगा केसाएवढ्या असतील तर त्या बुजवून रंग दिला तरी चालतो. लोणा लागला असेल तर आधी ओल थांबवावी.

किन्हीराजा (जि. वाशिम) ज्या पट्ट्यात आहे, तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग बुजवूनही पुन्हा पडत असेल तर पाया अभियंत्याला दाखवावा. नव्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे. रंग साधारण २८ दिवसांनी, भिंत पूर्ण वाळल्यावरच द्यावा.