मूत्रपिंडविकार, आरंभीचा : हृदयरोगजोखीम

मूत्रपिंडविकाराच्या पहिल्या टप्प्यांत हृदयविकार व पक्षाघात यांची वाढलेली शक्यता. मूत्रपिंडाच्या रुग्णांत हृदयाची डावी बाजू जाड होते, अशी नोंद लंडनचे वैद्य रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्ये केली. आरंभी रक्तातील क्रिआटिनिन बहुधा सर्वसाधारणच येते, खरी खूण लघवीतील अल्ब्युमिन (क्रिआटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिग्रॅ. वा अधिक, किमान तीन महिने). त्यातून शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची इजा सूचित होते (पहा : मधुमेह, रक्तदाब). डायलिसिसची (पहा) वेळ थोड्यांवरच येते. त्याआधी हृदयरोगाने मृत्यूचा संभव अधिक. देशभरातील तिशीपुढच्यांसाठी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीची तरतूद आहे. उपचारांत रक्तदाबनियंत्रण, स्टॅटिन, तंबाखूत्याग.