पीरभॉयांचं इंजिन, बत्तीस मिलिमीटरच्या रुळांवर

तारापूर एमआयडीसीत लेथवर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी बोईसर स्टेशनवर भेटला. हौशी गिऱ्हाइकांसाठी खऱ्या वाफेवर चालणारं छोटं इंजिन बनवायचं त्याच्या मनात आहे. "सर, कुठलं इंजिन घेऊ?" मी म्हटलं, "माथेरानचं घे. त्यात आपला एक विसरलेला इतिहास आहे."

नेरळ-माथेरान रेल्वेचं काम १९०४ साली सुरू झालं आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावली. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला. पैसा मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांचा, बांधणीची धडपड त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. त्याच १९०७ च्या डिसेंबरात आदमजी कराचीला मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. राजकारणाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते त्या खुर्चीमुळे. ज्या गाडीतून लाखो लोकांनी सह्याद्री पाहिला, तिच्या संदर्भात ते क्वचितच निघतं.

घाट अवघड होता. रूळ दोन फुटी, चढ वीस फुटांना एक फूट, आणि वळणामागून वळण. चढासाठी जास्त चाकांची पकड हवी, पण चाकं वाढली की इंजिन वळणात अडकतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या बार्शी लाइट रेल्वेवाल्या इंजिनिअरच्या सल्ल्याने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन उंड कोप्पेल कंपनीची चार इंजिनं आली. त्यांना सहा चाकं. पुढची आणि मागची चाकं पोकळ आसावर बसवलेली. आतला खरा आस सरळच फिरतो, बाहेरचा पोकळ आस वळणाप्रमाणे किंचित तिरपा होतो.

मॉडेलच्या दुनियेत एका फुटाला सोळा मिलिमीटर असं एक माप रूढ आहे. त्या मापाने दोन फुटी रूळ बरोबर बत्तीस मिलिमीटर होतात, म्हणजे सगळं एकोणीस पट लहान. पण आग आणि पाणी असं लहान होत नाही. लांबी एकोणीस पट घटली की पृष्ठभाग ३६१ पट घटतो आणि आतलं पाणी ६,८५९ पट. पाण्याच्या मानाने अंग मोठं राहतं, म्हणून बॉयलर लवकर गार होतो. कोळशाची एवढीशी आग टिकवणं कठीण, म्हणून ब्युटेन गॅसचा बर्नर. बॉयलर तांब्याचा, सांधे चांदीच्या डाखाचे, वर सेफ्टी व्हॉल्व्ह. विकण्याआधी बॉयलर थंड पाण्याने भरून दुप्पट दाबावर तपासायचा. वाफेने तपासला आणि फुटला तर माणूस भाजेल. पाण्याने तपासला तर फार तर गळेल.

चाकांचं काय, विचारल्यावर त्याने चित्र दाखवलं. तिन्ही आस सरळ, फक्त मधल्या चाकांची कड काढलेली. वळण निघतं, खर्च वाचतो. "सर, पोकळ आस केला तर किंमत गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर जाईल. आणि खाली वाकून बघतो कोण?"

मी वाद घातला नाही. धंदा त्याचा आहे. एवढंच म्हटलं, नेरळला एक मूळ इंजिन ठेवलंय, आधी त्याच्या खाली वाकून ये.

तो जाऊन आला. पहिला नमुना सरळ आसांचाच असेल. पण खोक्यावर छापायला त्याने माझ्याकडून मजकूर मागितलाय, मराठीत आणि उर्दूत. जर्मन कारखाना आणि कॅलथ्रॉप त्यात येतीलच. पहिली ओळ मात्र मी पीरभॉय बापलेकांसाठी राखली आहे.